काच, प्लॅस्टिक आणि बाबांचे डोळे : पिवळ्या हेडलाईटचा इतिहास

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. फलटणला मावसबहिणीचं लग्न आटोपून आम्ही रात्री पुण्याला परत निघालो होतो. गाडी बाबा चालवत होते, मी शेजारी, आई मागच्या सीटवर पेंगत होती. लोणंदच्या अलीकडे रस्त्यावर मिट्ट काळोख. उसाचा हंगाम. त्या भागात हिवाळ्यात रात्री गाडी चालवलेल्यांना मी काय म्हणते ते कळेल : ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढा ऊस, आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर.

अशी एक ट्रॉली आमच्या पुढे होती. ती मला दिसली तेव्हा खूप उशीर झाला होता, आणि बाबांना तर ती दिसलीच नव्हती. मी ओरडले. बाबांनी ब्रेकवर पाय दिला, गाडी जरा घसरली आणि थांबली. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाची टोकं आमच्या बॉनेटच्या वर लोंबत होती.

पुढचा अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "डोळे गेले गं माझे आता."

बाबांनी तीस वर्षं मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची नोकरी केली. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर. आधी स्कूटरवर, मग गाडीने. रात्री अकराला कराड सोडून दीडला घरी येणारा हा माणूस. त्या दिवसानंतर त्यांनी अंधार पडल्यावर किल्ली हातात घेणं बंद केलं. संध्याकाळची निमंत्रणं "बघू" म्हणून टाळली जाऊ लागली. आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण अगदी थोडी. ऑपरेशन आत्ता नको, आणि एवढ्याने समोरची ट्रॉली दिसणार नाही असं काही नाही.

मग दिसली का नाही?

उत्तर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिळालं. एका रात्री मी गाडी भिंतीकडे तोंड करून लावली. शेजारी एका मुलाने त्याची नवी स्कूटर लावली. भिंतीवर स्कूटरच्या एका दिव्याचा पांढरा, कडा रेखलेला प्रकाश होता. आमच्या दोन दिव्यांचा मिळून होता तो चहा सांडल्यासारखा एक तपकिरी डाग. मी खाली उतरून दिवे पाहिले. २००९ सालची आमची हॅचबॅक. डावा दिवा पिवळट आणि धुरकट. उजवा तर जुन्या फेविकॉलच्या थरासारखा दिसत होता.

इथे इंजिनिअर म्हणून मला स्वतःची लाज वाटली. ही गाडी मी दर रविवारी बघत होते. पण दिवे एका रात्रीत पिवळे पडत नाहीत. रोज थोडे थोडे पडतात, आणि आपण रोज थोडी थोडी सवय करून घेतो. बाबांनी तर दोष थेट स्वतःच्या डोळ्यांना दिला होता.

माळ्यावरचा दिवा

बाबांना हे सांगितल्यावर त्यांची पहिली प्रतिक्रिया : "आमच्या वडिलांच्या पद्मिनीचे दिवे कधी पिवळे पडले नाहीत." प्रत्येक जुन्या गोष्टीबद्दल बाबा असंच म्हणतात, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. पण पुढच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा त्यांनी शिडी लावून माळ्यावरून खरोखर एक गोल हेडलाईट काढून आणला. आजोबांची प्रीमियर पद्मिनी भंगारात गेली तेव्हा काढून ठेवलेला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्या जगाला माहीत असलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ती गाडी.

मी ओल्या फडक्याने काच पुसली. धूळ गेली आणि काच खरंच लख्ख निघाली. जाड, उभ्या रेघांची. वरच्या भागावर काळा रंग लावलेला होता, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून त्या काळी लावत तसा. बाबांचा चेहरा विजयी.

मग मी आतला रिफ्लेक्टर टॉर्च मारून पाहिला. तो काळवंडला होता. एका बाजूने गंज चढून आरशाचे पोपडे निघाले होते. म्हणजे काच पन्नास वर्षं टिकेल अशी, पण काचेमागचा आरसा खलास. उजेड तिथेच मरत होता. पद्मिनीचे दिवेही मंद झालेच असणार. फक्त बाहेरून ते कुणाला दिसलं नसणार.

हेडलाईटचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास मी नंतर वाचत गेले, तेव्हा हा माळ्यावरचा दिवा सारखा आठवत राहिला. कारण तो इतिहास नेमका हाच आहे. दिव्याचा एक भाग खराब होतो, माणसं तो सुधारतात, आणि खराबी दुसऱ्या भागात जाऊन बसते.

बंद डब्यातला उजेड

सुरुवातीच्या मोटारींना दिवे होते ते तेलाचे आणि कार्बाइडचे. आंबे चोरून पिकवायला वापरतात तेच कॅल्शियम कार्बाइड : त्यावर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, तो पेटवायचा. उजेड चांगला पडायचा, पण रोज राख काढा, पाणी भरा, काजळी पुसा. पुढे विजेचे दिवे आले. १९१२ सालच्या कॅडिलॅकने विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर एकत्र दिला, आणि कार्बाइडचे दिवस भरत आले.

विजेच्या दिव्याला काजळी नव्हती, पण आत आरसा होता. त्यावर चांदीचा मुलामा. आणि दिवा पूर्ण बंद नसे. बल्ब बदलायला तो उघडावा लागे. फटीतून धूळ आणि दमट हवा आत जाई, मुलामा काळा पडे. नवी असताना झगझगीत असलेली गाडी काही वर्षांत आंधळी होई. आजोबांच्या पद्मिनीच्या दिव्याला झालेला आजार हाच.

यावर अमेरिकेने काढलेला उपाय मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. १९४० सालच्या मॉडेल्सपासून तिथल्या मोटार कंपन्यांनी मिळून ठरवलं की सगळ्यांनी एकच दिवा वापरायचा. सात इंच व्यासाचा, गोल. काच, आरसा आणि फिलामेंट सगळं एकाच काचेच्या डब्यात वितळवून कायमचं बंद. नाव ‘सील्ड बीम’. आत धूळ नाही, ओल नाही, त्यामुळे आरसा काळा पडत नाही. फिलामेंट जळालं की अख्खा डबा फेकायचा आणि नवा बसवायचा. कुठल्याही गावातल्या कुठल्याही दुकानात मिळणारा, स्वस्त, आणि गाडी कोणतीही असो, तोच.

याचा एक फायदा चटकन लक्षात येत नाही. फिलामेंट जळणं ही खरं तर गैरसोय. पण तिच्यामुळे गाडीला दर काही वर्षांनी आपोआप कोरी काच आणि कोरा आरसा मिळत असे. मालकाला काही आठवायची गरज नव्हती.

तोटाही होता. सगळ्या गाड्यांचे डोळे एकसारखे. १९५०च्या दशकाच्या शेवटी चार लहान गोल दिव्यांना परवानगी मिळाली, १९७०च्या दशकाच्या मध्यावर चौकोनी दिव्यांना. एवढीच काय ती मोकळीक. नियम इतके कडक की १९६८ सालापासून लागू झालेल्या अमेरिकी नियमात दिवा चालू असताना त्याच्यापुढे कसलंही आवरण असायला बंदी होती. जॅग्वारच्या ई-टाईपच्या दिव्यांवर सुंदर काचेची झाकणं असायची, ती त्यामुळे गेली. युरोपातल्या सिट्रोएन डीएसमध्ये १९६७ सालापासून स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे काचेमागे बसवलेले होते. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना ते मिळाले नाहीत. आपल्याकडे ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनी गोल काचेच्या दिव्यांवरच म्हातारी झाली.

न फुटणारा गोळा

दरम्यान एक वेगळीच गोष्ट घडली होती, आणि तिचा मोटारींशी काही संबंध नव्हता.

१९५३ साल. जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डॅनियल फॉक्स, एकमेकांचा पत्ता नसताना, अगदी थोड्या दिवसांच्या अंतराने एकाच पदार्थापाशी पोचले. फॉक्स शोधत होता विजेच्या तारांवर चढवायचं आवरण. असं सांगतात की त्याच्या चंबूत ढवळायच्या दांडीभोवती एक पारदर्शक गोळा घट्ट बसला. तो फोडायचा प्रयत्न झाला, फुटला नाही. शेवटी लोक तो गोळा दांडीसकट हातोडीसारखा वापरू लागले. या पदार्थाचं नाव पॉलिकार्बोनेट. त्याच्या पन्नासएक वर्षं आधी, १८९८ साली, आल्फ्रेड आइनहॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या कुळातले पदार्थ बनवले होते, पण त्यांचं पुढे काही झालं नाही. आइनहॉर्नचं नाव राहिलं ते नोव्होकेनमुळे. दाढ काढताना पूर्वी हिरडीत द्यायचे ते इंजेक्शन.

पॉलिकार्बोनेट तुमच्या घरात आहे. सीडी त्याचीच असते. हेल्मेटची समोरची काच बहुतेक वेळा त्याचीच. चंद्रावर गेलेल्या अपोलो अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांतही तेच होतं. काचेची घनता साधारण २.५, याची १.२, म्हणजे निम्म्याहून कमी वजन. दगड लागला तर फुटत नाही, आणि साच्यात ओतून हवा तो आकार देता येतो.

उणिवा दोन. एक, पृष्ठभाग मऊ आहे, चटकन ओरखडे पडतात. दोन, त्याला ऊन सोसत नाही.

१९८३

१९७३ साली तेलाचे भाव भडकले. १९७५ साली अमेरिकेने गाड्यांच्या मायलेजसाठी कायदा केला. मायलेज वाढवायचं तर गाडी हलकी हवी आणि हवेला कमी अडवणारी हवी. पण गाडीच्या नाकावर दोन किंवा चार सपाट, उभ्या, जड काचा कायद्यानेच बसवलेल्या.

१९८१ साली फोर्ड कंपनीने अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याकडे अर्ज केला : दिव्याचा आकार आम्हाला ठरवू द्या, समोर प्लॅस्टिक वापरू द्या, आणि आत बदलता येणारा बल्ब. १९८३ साली परवानगी मिळाली. १९८४ सालची लिंकन मार्क सेव्हन ही असे दिवे लावलेली अमेरिकेतली पहिली गाडी. नाक तिरकं, दिवे बॉडीच्या रेषेत मुरलेले. पुढच्या काही वर्षांत सगळ्यांनी तोच रस्ता धरला. १९९०च्या दशकात युरोपातही प्लॅस्टिकची दर्शनी काच आली, आणि मग आपल्याकडच्या नव्या हॅचबॅक गाड्यांवर.

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे असे निर्णय मला ओळखीचे वाटतात. यात खलनायक कुणी नाही. इंधन वाचलं, वजन घटलं, अपघातात काचा उडायच्या थांबल्या. पण एक गोष्ट गुपचूप बदलली. आता जळायचा तो फक्त छोटा बल्ब. तो दीडशे-दोनशे रुपयांत बदलता येतो. समोरची ‘काच’ मात्र गाडीएवढीच जगायची. दर काही वर्षांनी फुकट मिळणारा नवा चेहरा बंद झाला, आणि ती जबाबदारी मालकावर आली. मालकाला हे कुणी सांगितलं नाही. गाडी घेताना ऑइल कधी बदलायचं याचं कोष्टक मिळतं. हेडलाईटवरचा थर किती वर्षं टिकेल, हे मी तरी कोणत्याही पुस्तिकेत वाचलेलं नाही.

उन्हात काय होतं

पॉलिकार्बोनेटच्या रेणूंमध्ये कार्बनची सहा-सहाची कडी असतात. ही कडी सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषतात, त्या ऊर्जेने साखळ्या तुटतात, नव्या प्रकारे जुळतात. हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो. तयार होणारी नवी द्रव्यं निळा प्रकाश गिळतात. पांढऱ्यातून निळा गेला की उरतो पिवळा. मग पृष्ठभागावर बारीक बारीक भेगा पडतात. प्रकाश त्यांत अडखळून चहूकडे फाकतो : रस्त्यावर कमी पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो.

कंपन्यांना हे पहिल्यापासून माहीत आहे. म्हणून कारखान्यातच दिव्यावर एक कडक पारदर्शक थर चढवतात. माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ, त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं. सगळं संरक्षण त्या एका थराचं. ऊन, वाळू, गाडी धुण्याचे कडक साबण यांनी तो झिजला की खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं.

आमचा डावा दिवा उजव्यापेक्षा बरा का होता, तेही आता कळलं. पंधरा वर्षं आमची गाडी उघड्या पार्किंगमध्ये एकाच जागी लागते. डावी बाजू कडुनिंबाच्या सावलीत, उजवी भर उन्हात.

आणि याने फरक किती पडतो? अमेरिकेतल्या ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ साली मोजणी केली. पिवळे, धुरकट झालेले दिवे नव्याच्या मानाने साधारण २० टक्केच प्रकाश देत होते. पाचातला एक हिस्सा. ते वाचून मी मोबाईल बाबांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

एक रविवार

ओळखीच्या मेकॅनिकचा सल्ला होता : "१००/९०चा बल्ब टाका, दिवसासारखा उजेड." नियमातला बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. धुरकट काचेमागे मोठा बल्ब लावला तर जास्तीचा उजेडही फाकणारच, वर वायर आणि होल्डर तापणार. इंटरनेटवरचे सल्ले आणखी भारी. टूथपेस्टने घासा : तिच्यात बारीक खर असते, त्यामुळे दिवा चमकतो खरा, पण उरलासुरला थरही जातो आणि थोड्याच दिवसांत पिवळेपणा परत. डास पळवणारं मलम लावा : त्यातलं ‘डीट’ हे द्रव्य प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवतं म्हणून तो गुळगुळीत दिसतो. यातलं काहीही करू नका.

उजव्या दिव्याच्या भेगा खोल गेल्या होत्या, नखाला लागत होत्या, आणि आतला आरसाही एका कोपऱ्यात करपला होता. बाहेरून घासून तो सुधारणार नव्हता. नाना पेठेत गेले. दुकानदाराने विचारलं, "ताई, ओरिजनल देऊ का ओरिजनलसारखा?" सारखा म्हणजे एक तृतीयांश किमतीत. हातात घेऊन पाहिला. आरशाची कड वाकडी, आणि वरचा थर कसला त्याचा पत्ता नाही. ओरिजनल घेतला.

जुना दिवा काढण्याआधी सपाट जागी गाडी उभी करून भिंतीवर प्रकाशाच्या वरच्या कडेची खडूने खूण करून ठेवली. नवा बसवल्यावर स्क्रू फिरवून प्रकाश त्याच खुणेवर आणला. ही पाच मिनिटं वाचवली तर नवा दिवा समोरच्याला आंधळं करतो. मग त्यावर पारदर्शक फिल्म लावून घेतली. गाडीच्या रंगावर लावतात तीच, पॉलियुरेथेनची. तिचं मूळ हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवणाऱ्या पट्ट्यांमध्ये आहे. खराब झाली की फक्त फिल्म बदलायची. सील्ड बीमचं तत्त्वच थोडं स्वस्तात परत आणल्यासारखं.

डावा दिवा घरीच केला. आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप. पाणी मारत ८०० नंबरचा वॉटर पेपर. पहिल्या दहा मिनिटांत हळदीच्या दुधासारखं पाणी ओघळलं : जुना थर आणि मेलेलं प्लॅस्टिक. जुना थर पूर्ण निघेपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर नंतर डाग दिसतात. मग १०००, १५००, २०००, ३०००. या टप्प्यावर दिवा पूर्ण पांढरा, दुधी दिसतो. बाबा चहा घेऊन खाली आले, पाहिलं आणि म्हणाले, "वाटोळं केलंस."

मग पॉलिशिंग कंपाउंड. दूध विरलं, आतला बल्ब दिसू लागला. बाबांनी माझ्या हातातून कापड घेतलं आणि उरलेला अर्धा दिवा स्वतः घासला.

बरेच लोक इथेच थांबतात, आणि सहा महिन्यांनी म्हणतात की हे टिकत नाही. टिकणार कसं? आपण आत्ताच त्याचं उरलेलं कवच काढून टाकलं. आता ते उघडं आहे. म्हणून शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची : अल्कोहोलने पुसून, अतिनील रोधक क्लिअर कोट. टू-के प्रकारचा स्प्रे असेल तर उघड्या हवेत आणि योग्य मास्क लावूनच मारायचा, त्यातला हार्डनर फुप्फुसांना वाईट. पातळ थर, दहा मिनिटं थांबून दुसरा, मग दिवसभर हात लावायचा नाही.

त्याच एएएच्या मोजणीत घासून नीट केलेले दिवे साधारण ७० टक्क्यांपर्यंत परत आले होते. शंभर नाही. तेवढंच मिळतं.

परत लोणंद

डिसेंबरात मावशीकडे जायचं निघालं. परतायला रात्रच होणार होती. मी किल्लीसाठी हात पुढे केला, तर बाबा आधीच ड्रायव्हरच्या सीटवर.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली होती. डोळ्यातलं भिंगही वयाबरोबर हळूहळू पिवळसर होतं, त्यातली प्रथिनं गढूळ होत जातात, आणि रात्री समोरचे दिवे फाकल्यासारखे दिसतात. म्हणजे बाबा चूक नव्हते. थोडा दोष डोळ्यांचा होता. पण बराचसा गाडीचा होता, आणि तोही त्यांनी आपल्या नावावर लावून घेतला होता. वयस्कर माणसं असं करतात. आपल्याही घरात कुणी "आता मला रात्री जमत नाही" म्हणत असेल, तर डोळे जरूर तपासा, आणि त्याच दिवशी खाली जाऊन दिवेही बघा.

लोणंदच्या अलीकडे तोच रस्ता. "ट्रॉली आहे," बाबा म्हणाले. मला अजून दिसली नव्हती. त्यांनी वेग कमी केला, डिपर दिला, जागा बघून सावकाश पुढे गेले. या वेळीही ट्रॉलीच्या मागे काही दिवा नव्हता.

थोड्या वेळाने म्हणाले, "डाव्याचा उजेड उजव्यापेक्षा कमी वाटतो गं."

"कमीच आहे, बाबा. सत्तर टक्के."

"मग परत कधी करायचं?"

मी कॅलेंडर उघडून पुढच्या फेब्रुवारीची नोंद दाखवली : ‘डावा दिवा, कोट तपासणे’. त्याच दिवशी दुसरी नोंद आहे : ‘बाबांचे डोळे, तपासणी’. ती त्यांनी वाचली, पण काही बोलले नाहीत.